डोंगराखालचा तराजू

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने निदान काहीतरी पाहिलेले असावे, अशी वाचकांची माफक अपेक्षा असते. काश्मीर पाहून आलेला काश्मीरवर लिहितो, कन्याकुमारी पाहून आलेला कन्याकुमारीवर. माझी पंचाईत अशी, की स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरच्या एका डोंगराच्या पोटात मी ज्याच्यासाठी जाऊन आलो, ते आजवर कोणालाच दिसलेले नाही. ज्या नऊ स्फटिकांचे दर्शन घ्यायला गेलो, तेही दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीआड बसलेले. आणि ते स्फटिक ज्या पाहुण्याची वाट पाहत आहेत, तो कोणाच्या दारी आल्याचा सर्वांना पटेल असा पुरावा अजून मिळायचा आहे. देवळाचे दार बंद, मूर्ती झाकलेली आणि देव येईल की नाही याची शंका, अशी ही यात्रा. तरीही लिहितो आहे. कारण त्या काळोखात मला एक फार जुनी, घरातली ओळखीची वस्तू भेटली.

माझी भाची स्पेनमधल्या झारागोझा शहरी पदार्थविज्ञानात संशोधन करते. झारागोझा हे आपले नकाशावरचे नाव. तिथले लोक जिभेचे टोक दातांत धरून ‘थारागोथा’ म्हणतात. ती बरीच वर्षे बोलावत होती. 2025 च्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे केले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्या दारात उभा राहिलो. निघताना माझ्या बहिणीने, म्हणजे तिच्या आईने, चकलीचा डबा दिला आणि एक कामही सांगितले. “तिला नीट विचारून ये,” ताई म्हणाली, “इतकी वर्षं शोधतेय, सापडलं का काही? फोनवर विचारलं की ‘आई, तसं नसतं गं’ म्हणते आणि विषय बदलते.”

झारागोझाहून आम्ही मोटारीने उत्तरेला निघालो. सुरुवातीचा मुलूख एब्रो नदीच्या खोऱ्यातला, कोरडा, पिवळा, कापणीला आलेल्या गव्हाचा. सोलापूरकडच्या माणसाला परका वाटू नये असा. हुएस्का मागे पडले, मोनरेपोसचा घाट लागला आणि घाट उतरताना एकदम समोर पिरेनीज पर्वताची भिंत उभी राहिली. माथ्यावर अजून बर्फाचे पट्टे. पुढे ‘हाका’ नावाचे गाव आहे. पाटीवर रोमन लिपीत वेगळेच काही लिहिलेले असते, पण उच्चार अगदी हाच. परदेशात इतक्या आपुलकीने कोणी बोलवील असे वाटले नव्हते. तिथून अरागॉन नदीच्या काठाने रस्ता वर चढतो. वाटेत पाठीवर पडशी आणि हातात काठी घेतलेली माणसे दिसत होती. सोंपोर्टच्या खिंडीतून उतरून शेकडो मैलांवरच्या सान्तियागोला पायी जाणारे हे तिकडचे वारकरी. आम्ही मात्र त्यांच्या उलट दिशेने, खिंडीच्या खाली खणलेल्या भुयाराकडे निघालो होतो.

भुयाराच्या तोंडाशी कानफ्रांक नावाचे ठाणे आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर, आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी कमी. वस्ती चिमुकली, पण त्या वस्तीत एखादा राजवाडा वाट चुकून आल्यासारखे रेल्वेचे स्टेशन उभे आहे. लांबी 241 मीटर. खिडक्या मोजता मोजता मान दुखते. 18 जुलै 1928 रोजी स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो आणि फ्रान्सचे अध्यक्ष दूमेर्ग यांनी त्याचे उद्घाटन केले. एवढ्याशा गावाला एवढे स्टेशन कशाला, असे मी विचारले. भाची म्हणाली, “रुळांमुळे, मामा. दोन देशांची मापं जुळत नव्हती.”

खरेच तसे होते. स्पेनचे रूळ रुंद, फ्रान्सचे अरुंद, फरक वीतभराचा. फ्रान्सची गाडी स्पेनच्या रुळावर चढू शकत नव्हती आणि स्पेनची फ्रान्सच्या. मग प्रत्येक प्रवासी, प्रत्येक पेटी, प्रत्येक पोते इथे उतरवायचे आणि फलाटाच्या दुसऱ्या बाजूच्या गाडीत चढवायचे. मापे जुळली असती, तर हा राजवाडा बांधायचे कारणच पडले नसते. तो आकडा मी तेव्हा हसून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पोटात त्याची पुन्हा आठवण होणार आहे, हे मला ठाऊक नव्हते.

हे वैभव फार टिकले नाही. 27 मार्च 1970 रोजी फ्रान्सच्या बाजूला मक्याने भरलेली एक मालगाडी घसरली, तिच्यासह एक पूल कोसळला, आणि तो मार्ग त्या दिवसापासून बंद पडला. स्पेनच्या बाजूने दिवसाकाठी एखाददुसरी गाडी येत राहिली. राजवाडा ओस पडला. 2023 मध्ये त्याचे रंगरूप सुधारून तिथे हॉटेल सुरू झाले. आम्ही बाहेरून फेरी मारली आणि हॉटेलच्या दरपत्रकाकडे आदराने पाहून एका साध्या खाणावळीत उतरलो.

पण ओस पडलेल्या गोष्टीचाही कोणाला तरी उपयोग असतो. गाड्या थांबल्यामुळे डोंगराखालचे सुमारे 8 किलोमीटरचे रेल्वेचे भुयार रिकामे झाले. 1985 साली झारागोझा विद्यापीठातले प्राध्यापक आंखेल मोरालेस यांनी आपली नाजूक उपकरणे त्या भुयारात नेली. पुढे शेजारून मोटारींचा बोगदा झाला, 2003 मध्ये तो खुला झाला, आणि या दोन भुयारांच्या मधल्या खडकात मोठी दालने कोरून आजची कानफ्रांक प्रयोगशाळा उभी राहिली. डोक्यावर सुमारे 800 मीटर डोंगर.

त्या रात्री खाणावळीत, ताईच्या चकल्यांच्या साक्षीने, भाचीने माझी शिकवणी घेतली. आकाशातल्या दीर्घिका ज्या वेगाने फिरतात, त्या वेगाने फिरताना त्या विखरून जायला हव्यात. नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने त्यांना आवरून धरता येणार नाही. फ्रिट्झ झ्विकी याने 1933 मध्ये दीर्घिकांच्या एका समूहाबद्दल ही शंका काढली. 1970 नंतरच्या दशकात व्हेरा रुबिन या विदुषीने एकेका दीर्घिकेचे फिरणे मोजून तिला बळ दिले. हिशेब असा निघतो, की विश्वातल्या पदार्थाच्या सहा भागांतले जवळजवळ पाच भाग प्रकाश देत नाहीत, अडवत नाहीत, दिसत नाहीत. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कणांचे असेल, तर आपल्या अंगातून, या टेबलातून, या डोंगरातून ते अखंड वाहत असले पाहिजे. आणि क्वचित, फार क्वचित, त्यातला एखादा कण एखाद्या अणूच्या केंद्राला धक्का देत असला पाहिजे.

“तो धक्का पकडायचा,” ती म्हणाली, “एवढंच आमचं काम.”

“आणि तो धक्का त्याचाच, हे कसं ओळखायचं?”

“पावसात चालताना वाऱ्याकडे तोंड केलं की सरी जास्त लागतात की नाही? तसं. सूर्य आपल्याला घेऊन सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं या कृष्णद्रव्यातून चाललाय. पृथ्वी त्याच्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटरनं फिरते. जूनच्या सुरुवातीला दोन्ही चाली जुळतात, म्हणजे सरी जास्त. डिसेंबरात पृथ्वी उलटी, म्हणजे सरी कमी. वर्षाच्या तालावर धक्क्यांची संख्या वरखाली झाली, तर पाहुणा आला म्हणायचं.”

असा चढउतार आम्हाला दिसला, असे सांगणारा एक गट आहे. इटलीमधल्या ग्रान सासो डोंगराखाली ‘डामा’ नावाच्या प्रयोगाने 1990 नंतरच्या दशकात सोडियम आयोडाइडचे सुमारे 100 किलो स्फटिक वापरून पहिला दावा केला. पुढच्या मोठ्या प्रयोगात 250 किलो स्फटिक होते. पंचवीस स्फटिक, पाच ओळींत पाच. त्यांनाही वीस वर्षे तोच चढउतार दिसत राहिला. माथा बरोबर जूनच्या सुरुवातीला. योगायोगाने असे होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. या मोठ्या प्रयोगाचे नाव ‘लिब्रा’. ते इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून केलेले आहे, पण लॅटिनमध्ये लिब्रा म्हणजे तराजू. आपली तूळ रास. दावा खरा असेल, तर विश्वातला सर्वांत मोठा ऐवज सापडला आहे. खोटा असेल, तर वीस-पंचवीस वर्षे कुठल्या तरी दुसऱ्याच गोष्टीचे वजन होत आहे. अशा वेळी शहाणा गिऱ्हाईक काय करतो? तोच माल दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या तराजूवर तोलून पाहतो. कानफ्रांकचा प्रयोग हे ते दुसरे दुकान. नाव अनाइस, वजन 112.5 किलो, प्रत्येकी साडेबारा किलोचे नऊ स्फटिक, ऑगस्ट 2017 पासून चालू. दक्षिण कोरियात तिसरे दुकान निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आत गेलो. मोटार बोगद्यात शिरली, दिवे मागे पळू लागले, एका ठिकाणी बाजूला वळून थांबलो. डोक्यावर शिरस्त्राण चढवले. आतमध्ये हवा खेळवणाऱ्या यंत्रांची घरघर, सिमेंटची जमीन, देवळाच्या सभामंडपाएवढे दालन. वर उघड्यावर आपल्या तळहातावरून अंतराळातल्या किरणांचे कण सारखे जात असतात; दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक. डोंगर त्यांना गाळतो आणि काही दहा हजारांतला एखादाच खाली उतरतो. इतक्या शांततेसाठी इतका डोंगर.

आणि मग ते दर्शन! एक मोठी पेटी. बाहेरून पाण्याच्या टाक्या आणि प्लॅस्टिकचे ठोकळे, 40 सेंटीमीटर जाड. तिच्या आत येणाऱ्याजाणाऱ्या कणांवर पहारा ठेवणारे पत्रे. त्याच्या आत हवेतला किरणोत्सारी रेडॉन वायू शिरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली पेटी. त्याच्या आत 20 सेंटीमीटर शिसे आणि त्याच्याही आत 10 सेंटीमीटर फार जुने शिसे. नव्या शिशात थोडासा किरणोत्सारी अंश असतो, तो काही शतकांनी विझतो. म्हणून इथे शिसेही खापरपणजोबांच्या काळातले लागते. या सगळ्याच्या गाभ्यात तांब्याच्या डब्यांत स्फटिक. डबा तांब्याचा आणि हवाबंद, कारण सोडियम आयोडाइड हे आपल्या मिठाचे सख्खे चुलत भावंड. पावसाळ्यात कोकणातल्या घरी मिठाला पाणी सुटते, तसे त्याला कोणत्याही हवेत सुटते.

या स्फटिकाचा गुण असा, की आत धक्का बसला की तो क्षणभर निळसर चमकतो. चमक डोळ्यांना दिसण्याजोगी नसते. प्रत्येक स्फटिकाच्या दोन टोकांना दोन नळ्या लावल्या आहेत. त्या प्रकाशाचे सुटे सुटे कण टिपून त्यांचे विजेत रूपांतर करतात. पदार्थविज्ञानवाले या ऊर्जा किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजतात. आपण नुसते ‘एकक’ म्हणू. एक एकक म्हणजे उडत्या डासाच्या ऊर्जेचा अब्जावा भागही नव्हे. एवढ्या धक्क्याला नळ्यांच्या हाती पंधराएक प्रकाशकण लागतात. जो काही चढउतार शोधायचा, तो एक ते सहा एककांच्या अरुंद पट्टीत. 

“म्हणजे पंधरा कण आले तर एक, तीस आले तर दोन. सोपं आहे,” मी म्हणालो.

“पंधराच, हे कोणी सांगितलं?” भाची म्हणाली. “नळी जुनी होते, विजेचा दाब हलतो, स्फटिकाचा प्रकाश बदलतो. शिवाय हा स्फटिक हिशेबाला पक्का नाही. दुप्पट धक्क्याला बरोबर दुप्पट चमक देतोच असं नाही. आज ज्याला दोन म्हणतोय, ते सहा महिन्यांनी अडीच झालं, आणि पुन्हा दोन झालं, तर?”

“तर?”

“तर वर्षाच्या तालावर चढउतार दिसेल, मामा. कृष्णद्रव्य नसतानाही.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणूनच दर दोन आठवड्यांनी हे लोक मोजणी थांबवतात आणि स्फटिकांचे कॅलिब्रेशन करतात, म्हणजे माप ताडून पाहतात. आम्ही गेलो तो दिवस त्याचाच होता. प्रत्येक तांब्याच्या डब्याला पातळ पापुद्र्याची एक छोटी खिडकी ठेवली आहे. बाहेरून बंद नळ्यांतून लवचीक तारा आत सरकवतात. तारांच्या टोकाशी कॅडमियम-109 या किरणोत्सारी धातूचे कण असतात. ते नऊही खिडक्यांसमोर एकाच वेळी येऊन उभे राहतात. कॅडमियमचे किरण कोणत्या ऊर्जेचे, हे निसर्गाने कायमचे ठरवून दिले आहे: एक रेघ 88 एककांवर, एक साडेबावीसच्या जवळ. कॅडमियमवर जे आवरण आहे, त्यातल्या ब्रोमीनमुळे आणखी एक रेघ सुमारे 12 वर मिळते. पडद्यावर हळूहळू टेकड्या उगवू लागल्या. पहिली, दुसरी, तिसरी. टेकडीचा माथा जागेवर आहे का, हे पाहायचे. सरकला असेल तर किती, ते लिहायचे. काही तासांनी तारा मागे ओढायच्या आणि पुन्हा वाट पाहायला बसायचे. कॅडमियमचे हे कण दर पंधरा महिन्यांत निम्म्याने थकतात. मग नवे आणायचे.

मी तो पडदा पाहत होतो आणि मला दिसत होते आमच्या आजोबांचे दुकान.

आजोबांचे तालुक्याच्या गावी भुसार मालाचे दुकान होते. सकाळी फळ्या काढल्या की देवाला उदबत्ती लावण्याआधी ते तराजू टांगत. रिकाम्या पारड्यांचा काटा पाहत. मग एका पारड्यात शेराचे वजन, दुसऱ्यात तेवढी ज्वारी. काटा मध्ये आला, की बाकीचे दुकानदार थांबत. आजोबा मात्र वजन उचलून ज्वारीच्या पारड्यात आणि ज्वारी वजनाच्या पारड्यात टाकत. पारडी बदलूनही काटा मध्येच राहिला, तर तराजू खरा. दांडीची एक बाजू केसभर लांब असली, तर पहिल्या खेपेला कळत नाही. पारडी बदलली की कळते. 1958 पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली, शेर गेला, किलो आला, तरी त्यांची ही सवय मोडली नाही. गिऱ्हाईक खोळंबले की म्हणत, “तुझ्या मालाचं वजन मग. आधी माझ्या काट्याचं.”

ही गोष्ट मी भाचीला सांगू लागलो, तर ती हसली. “आईनं शंभरदा सांगितलीय. आणि मामा, पणजोबांचा खडा माहीत आहे ना? आमच्याकडे तोही आहे.”

खडा म्हणजे असा. कॅडमियमच्या रेघा बाराच्या खाली जात नाहीत, आणि खरा मामला तर एक ते सहाच्या पट्टीत. तिथे बाहेरून किरण पाठवावा, तर तो डब्यातच अडतो. मग उपयोगी पडते ती स्फटिकातली घाणच. सोडियमच्या संगतीने थोडे पोटॅशियम स्फटिकात येतेच, आणि त्यातला लेशमात्र भाग किरणोत्सारी. तो अणू फुटताना 3.2 एककांची हलकी चमक देतो आणि त्याच क्षणी एक दणकट किरण बाहेर सोडतो. तो किरण शेजारच्या स्फटिकात पकडला, की या स्फटिकातली बारीक चमक 3.2 चीच, हे बिनचूक कळते. सोडियम-22 नावाचा दुसरा खडा असाच एका एककाच्याही खाली, 0.87 वर खूण करून देतो. ज्या पोटॅशियमने या लोकांच्या नाकी नऊ आणले, कारण त्याची चमक नेमकी पाहुण्याच्या जागी पडते, त्यालाच त्यांनी मापाचे वजन केले. तांदळातला खडा निवडून, त्याचे वजन एकदा नक्की करून, त्यानेच तराजू तपासावा, तसे.

नळ्यांच्या काचेतही उगाच चकव्याच्या चमका उठतात. त्या गाळण्यासाठी खऱ्या चमकेचा नमुना हवा. तो मिळवायला कॅलिफोर्नियम नावाच्या धातूतून निघणारे न्यूट्रॉन स्फटिकांवर सोडतात. न्यूट्रॉन हा अणुकेंद्राला धक्का देतो, आणि कृष्णद्रव्याचा कणही तेच करील, अशी अपेक्षा आहे. म्हणजे पाहुणा येण्याआधी त्याच्या अंगलटीचा दुसरा माणूस दारातून आत पाठवून, दाराची घंटा वाजते की नाही, हे पाहून घेणे.

इथपर्यंत सगळे ठीक होते. पण जेवणाच्या सुटीत, त्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून, भाचीने मला या भांडणाचे खरे मूळ सांगितले, आणि मला स्टेशनवरचे ते दोन प्रकारचे रूळ आठवले.

कॅडमियमचे किरण स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनला धक्का देतात. माप सगळे त्या धक्क्याचे लावलेले. पण केंद्राला धक्का बसला, तर तेवढ्याच ऊर्जेची चमक फार कमी पडते. उरलेली ऊर्जा उष्णतेत विरते. मग सोडियमच्या केंद्राच्या बाबतीत रुपयातले किती पैसे प्रकाशाच्या रूपाने हाती येतात? डामाने मोजले, 30 पैसे. अलीकडच्या मोजण्या म्हणतात, वीसच्या आसपास. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाच स्फटिकांवर न्यूट्रॉनचा झोत सोडून हे तपासले गेले. तिथे असे दिसले, की इलेक्ट्रॉनचे माप एका रीतीने लावले तर उत्तर सरसकट 21 पैशांच्या जवळ येते. दुसऱ्या रीतीने लावले तर ऊर्जा कमी होईल तसे तेही घटत जाते.

“आता बघ,” ती म्हणाली. “त्यांना चढउतार दिसतो दोन ते सहाच्या पट्टीत. त्यांचे 30 पैसे आणि आमचे 20 पैसे खरेच वेगळे असतील, तर त्यांचे दोन ते सहा म्हणजे आमचे सव्वा ते चार. आम्ही भलत्याच खणात शोधतोय, असं ते म्हणू शकतात.”

एके काळी आपल्याकडेही गावागणिक पायली वेगळी असे. शेजारच्या गावची चार पायली आणि आपल्या गावची चार पायली यांवरून भाऊबंदकी होई. दोघेही प्रामाणिक असत, आणि दोघांचेही धान्य कमी भरे.

“मग निकाल काय?”

निकाल तिने सांगितला तो असा. अनाइसने सहा वर्षांची माहिती 2025 मध्ये जाहीर केली. चढउतार नाही. डामाचा आकडा खरा मानला, तर असे उत्तर निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता पंधरा-सोळा हजारांत एक. कोरियातल्या कोसाइन प्रयोगाने आपली सहा वर्षांहून अधिक काळाची माहिती इलेक्ट्रॉनच्या मापाने ताडली, मग केंद्राच्या मापानेही ताडली. दोन्ही वेळा पारडी बदलून पाहिली, चढउतार नाही. इटलीच्या गटाने दावा मागे घेतलेला नाही. आता त्याच ग्रान सासो डोंगराखाली ‘कोसिनस’ नावाचा नवा प्रयोग हाच स्फटिक कडाक्याच्या थंडीत ठेवून प्रकाश आणि उष्णता दोन्ही मोजण्यासाठी उभा राहिला आहे, म्हणजे किती पैसे कुठे गेले याचा हिशेब प्रत्येक धक्क्याला जागच्या जागी होईल.

मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग ताईने सोपवलेले काम आठवले. “आईला काय सांगू? सापडलं का, म्हणून विचारलंय.”

तिने हातातल्या पेल्यातली कॉफी ढवळली. ढवळण्यासारखे तिच्यात काही उरले नव्हते. “मामा, इथे आले तेव्हा मला वाटायचं, आम्हीच सापडवणार. पहिल्या वर्षी आलेखातला एक ठिपका वर गेला, तर रात्रभर झोप नव्हती. कॅलिब्रेशन पुन्हा केलं, ठिपका खाली आला. त्या दिवशी मी रडले, हे आईला सांगू नकोस. नंतर कळायला लागलं, की ठिपका वर गेला तेव्हा मी आनंदानं तपासायचं विसरले असते, तर ते जास्त वाईट झालं असतं. ‘नाही’ म्हणायला सहा वर्षं लागतात. पण ते ‘नाही’ कोणी खोडू शकत नाही, इतकं पक्कं पाहिजे.”

यावर मराठीच्या अध्यापकाने काय बोलावे? आम्ही सुद्धा उत्तरपत्रिका तपासतो. पहिला गठ्ठा सकाळी ताज्या मनाने तपासलेला असतो, शेवटचा रात्री बाराला. त्या दोहोंत सात गुण तेच सात गुण असतात का, याची तपासणी मी स्वतःहून किती वेळा केली? मॉडरेटरने पेपर परत पाठवला की आमचे तोंड वाकडे होते. या मुलीने आपला मॉडरेटर शिशाच्या पेटीत बसवला आहे आणि दर पंधरवड्याला त्याच्यापुढे उभी राहते.

परतताना बोगद्यात तिने सहज विचारले, आपल्याकडे असे काही आहे का. मला या बाबतीत थोडे वाचून माहीत होते. 1965 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो पकडला होता. जगात असे प्रथम ज्यांनी केले, त्यांत ते होते. त्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या. 2017 मध्ये झारखंडातल्या जादुगुडाच्या युरेनियमच्या खाणीत, 555 मीटर खोल, कोलकत्याच्या साहा संस्थेने कृष्णद्रव्याच्या शोधासाठी प्रयोगशाळा काढली. आणि चमकणारे स्फटिक तर आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही वाढवतात. हे ऐकून ती म्हणाली, “बघ ना, सगळीकडे खाणीच. सोनं संपलं, गाड्या थांबल्या, की मग आमचा नंबर लागतो.”

बाहेर आलो तेव्हा जूनचे लख्ख ऊन पडले होते. तिच्या हिशेबाप्रमाणे कृष्णद्रव्याच्या सरी या आठवड्यात सर्वांत जोरदार. स्टेशनच्या लांबलचक फलाटावर चिटपाखरू नव्हते. रुंद रुळाच्या जुन्या तुकड्याशेजारी गवत वाढले होते.

घरी परतल्यावर ताईने आधी रिकामा डबा हातात घेतला आणि मग विचारले, “काय रे, सापडलं का?”

“नाही,” मी म्हणालो. “पण तिचा काटा बरोबर आहे. मी स्वतः पाहून आलो.”

ताई डबा पुसत राहिली. “पारडी बदलून पाहिली का तिने?” तिने विचारले.

“दर पंधरा दिवसांनी.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि दिवाळीला काय काय पाठवायचे, याची यादी करायला बसली.